मेंदूचा दाखला आणि माणसाचा शब्द

भादली बुद्रुक (ता. जळगाव) येथील ग्रामपंचायतीसाठी अंजली पाटील यांनी महिला गटातून भरलेला अर्ज, त्या तृतीयपंथी म्हणून, फेटाळला गेला होता. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य ठरविला. पुढे त्या निवडूनही आल्या. आपण आजन्म स्त्री म्हणूनच राहू, हा त्यांचा शब्द न्यायालयाने मानला.

शब्द कसला मानता, मेंदूचा पुरावा आणा, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. शास्त्र मात्र इतके धीट नाही. ॲमस्टरडॅमच्या डिक स्वाब प्रभृतींना १९९५ मध्ये सहा मृत पारलिंगी स्त्रियांच्या मेंदूतील एक केंद्र इतर स्त्रियांच्या केंद्राएवढे आढळले; पण सहा मेंदूंवरून नियम बनत नाही. तेल अवीवच्या डॅफ्ना जोएल यांनी २०१५ मध्ये चौदाशेहून अधिक मेंदूंच्या प्रतिमा अभ्यासल्या, तेव्हा बहुतेकांत स्त्री-पुरुष वैशिष्ट्यांचे मिश्रणच दिसले.

सरासरी समूहाची असते. वैद्यापुढे बसतो तो एकटा माणूस. त्याच्या देहाचा निर्णय यंत्रावर ढकलता येणार नाही. जननेंद्रियांवरील शस्त्रक्रिया मागे घेता येत नाही. म्हणून तिचे परिणाम रुग्णास त्याच्या भाषेत सांगणे आणि विचारास अवधी देणे, हे धुळे-जळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शस्त्र चालविण्याइतक्याच कसोशीने शिकविले पाहिजे.

परंतु शस्त्रक्रियेवाचून ओळख नाही, हा हट्ट अनैतिक व बेकायदा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच बजावले. नागरिकत्वाच्या मोबदल्यात देहाचा लचका मागणे हा न्याय नव्हे, असे आम्हांस स्पष्ट वाटते.