खाडा मांडायला जागा कुठे आहे?

ठाणे-डोंबिवलीच्या घरांत दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर चालायचा. अजूनही काही घरांत चालतो. रोजचं एक लिटर गृहीत धरलेलं असतं, मांडायचा तो फक्त खाडा. ज्या दिवशी दूध घेतलं नाही, त्या तारखेच्या चौकोनात फुली. महिनाअखेर फुल्या मोजायच्या आणि उरलेल्या दिवसांचे पैसे द्यायचे. गिऱ्हाईक कायमचं, पैसे नंतर, सगळा मामला विश्वासाचा. तरी 'आज नको' म्हणायची जागा रोज मोकळी असायची.

फोनवरच्या सबस्क्रिप्शनच्या धंद्याने नेमका हा चौकोन पुसून टाकलाय, आणि वर त्याला 'सोय' म्हणतोय. माझं भांडण त्याच्याशी आहे.

आत काय घडतं ते आधी पाहू. पहिल्यांदा पैसे भरताना आपण ओटीपी किंवा यूपीआय पिन टाकतो. त्याच वेळी पेमेंट गेटवेकडे आपल्या नावाची नोंद होते. १ ऑक्टोबर २०२२पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दुकानदाराला कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही. त्याच्या हाती असतं ते टोकन. पुढच्या महिन्यात कंपनीचा सर्व्हर हे टोकन आणि रक्कम गेटवेच्या एपीआयला पाठवतो. आपण तेव्हा कल्याण लोकलच्या दारात लटकत असतो, नाहीतर झोपेत. स्ट्राइपच्या एपीआयमध्ये यासाठी चक्क शब्द आहे: 'ऑफ सेशन'. गिऱ्हाईक समोर नाही, असं सांगूनच पैसे मागायचे.

आता, गैरहजेरीत पैसे घेणं हा गुन्हा नाही. विम्याचा हप्ता, एसआयपी, वीजबिल आपोआप गेलेलं मलाही हवं आहे. महिन्याचा डबा पुरवणाऱ्या बाईंना किंवा क्लासवाल्या सरांना दारोदार वसुली करायला लागू नये, हेही खरं. नियमित वसुली तर आपल्याकडे जुनीच. सिंडिकेट बँकेने १९२८मध्ये दोन आण्यांपासून पिग्मी सुरू केली. पुढे पतपेढ्यांचे एजंट बाजारपेठांतून रोज फिरू लागले. पण धंदा झाला नसेल, तर दुकानदार 'उद्या या' म्हणू शकायचा. एजंट समोर उभा असायचा. एपीआय समोर नसते, आणि 'उद्या या' तिला ऐकू येत नाही.

गंमत म्हणजे, खाड्याची सोय नियमात आहे. रिझर्व्ह बँकेचं २१ ऑगस्ट २०१९चं परिपत्रक सांगतं की कार्डावरून ठरावीक काळाने पैसे कापायचे असतील, तर किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवा. आणि कळवल्यावर त्याला त्या एका खेपेपुरतं किंवा कायमचं बाहेर पडता आलं पाहिजे. 'त्या एका खेपेपुरतं' हे शब्द नीट वाचा. सरकारी भाषेत लिहिलेला हा खाडाच आहे.

मुदतवाढ मिळत मिळत १ ऑक्टोबर २०२१ला हे नियम पक्के लागू झाले, तेव्हा केवढी ओरड झाली! सबस्क्रिप्शनं अडकली. २०२२मध्ये ॲपलने ॲप स्टोअरसाठी भारतातली कार्डं घेणंच थांबवलं. जगात सगळीकडे एका टिचकीत होतं आणि आपल्याकडेच अडथळे, असा सूर लागला. मला तो अडथळा वाटत नाही. दुसऱ्याच्या खिशात हात घालण्याआधी दार वाजवणं ही साधी रीत आहे.

खरं दुखणं उलट आहे: ही रीत नावापुरती उरली. ओटीपीशिवाय पैसे कापण्याची मर्यादा २,००० रुपयांवरून ५,००० झाली, जून २०२२मध्ये १५,००० झाली. यूपीआय ऑटोपेमध्ये मँडेट ठरावीक रकमेचं असू शकतं किंवा 'जास्तीत जास्त इतके' असं. सेवा दोनशे रुपयांची आणि परवानगी हजारोंची, अशा मँडेटवर आपण घाईत पिन टाकून मोकळे होतो. २४ तासांपूर्वीचा मेसेज येतो, पण कर्जाच्या आणि सेलच्या जाहिरातींच्या ढिगात. ॲपमध्ये 'सुरू करा'चं बटण अख्ख्या स्क्रीनभर. 'बंद करा' मात्र सेटिंग्जच्या चौथ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला १३ 'डार्क पॅटर्न'ची यादी काढली. त्यात 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' आहे. रद्द करणं किचकट करणं, तो पर्याय लपवणं, एवढंच नाही. फुकट सबस्क्रिप्शनसाठी ऑटो-डेबिटची परवानगी सक्तीने घेणं हेही त्यात स्पष्ट लिहिलंय. आता 'पहिला महिना फ्री, फक्त ऑटोपे चालू करा' ही ओळ आठवा. शेवटची कधी पाहिलीत? बहुतेक या आठवड्यातच.

यावर ठरलेलं उत्तर असतं: 'लोक विसरतात, त्याला कंपनी काय करणार?' काय करणार म्हणजे? कंपनीला माहीत असतं की आपण तीन महिने ॲप उघडलेलं नाही. 'मिस यू' म्हणून ती नोटिफिकेशन पाठवते, पण पैसे कापायचे थांबवत नाही. हे विसरभोळेपणावर लावलेलं भाडं आहे.

याच्या शेजारी लोकलचा पास ठेवून पाहा. तारीख संपली की पास संपला. रेल्वे पुढच्या महिन्याचे पैसे परस्पर कापत नाही, तरी लोक पास पुन्हा काढतातच, कारण त्यांना गाडी लागते. ज्याची गरज आहे, त्याकडे माणूस आपल्या पायाने परत येतो. गिऱ्हाईक परत येईल याचा ज्यांना भरवसा नाही, तेच दाराला बाहेरून कडी लावतात.

आणि ही कडी लावणारे परके नाहीत. ठाण्याला गाडी बदलून ऐरोली-घणसोलीला जाणारे, वागळे इस्टेटमध्ये उतरणारे, असे आपल्यातलेच कितीतरी जण हा कोड लिहितात. त्यांना ठाऊक आहे की मँडेट रद्द करायची विनंतीही एपीआयमध्ये छोटीशीच असते. ती कुठल्या बटणाला जोडायची आणि ते बटण कुठे ठेवायचं, हा तांत्रिक प्रश्न नाही. तो मीटिंगमध्ये तोंड उघडण्याचा प्रश्न आहे.

मागण्या तीनच. आगाऊ मेसेजमध्येच 'या वेळी नको' असं ठळक बटण हवं. त्याला ओटीपी लागला तरी चालेल. आत यायला जितक्या टिचक्या लागल्या, तितक्याच बाहेर पडायला लागाव्यात. आणि सलग दोन महिने सेवा वापरली नसेल, तर तिसऱ्या महिन्याचे पैसे पुन्हा विचारल्याशिवाय कापू नयेत.

तोवर यूपीआय ॲपमधलं ऑटोपेचं पान उघडा आणि प्रत्येक मँडेटची कमाल रक्कम वाचा. मग तोच फोन आईबाबांचा घेऊन बसा. त्यांच्या पेन्शनवर कोणकोण बसलंय, ते त्यांनाही माहीत नसेल.