फंडाची पेन्शन आणि अपंगाची मदत : हिशेब नीट मांडा

आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांत एक समज घर करून बसला आहे. कामगाराचे नाव फंडात चढवले, उद्या तो अपंग झाला आणि फंडाची पेन्शन सुरू झाली, तर सरकारकडून मिळणारी निराधाराची मदत बंद होईल. तेव्हा नाव न चढवलेलेच बरे! मालक हे सांगतो आणि कामगारही मान हलवतो. सापगाव, शहापूर, मुरबाडकडून कारखान्यांत आणि भिवंडीच्या यंत्रमागांवर कामाला जाणाऱ्यांनाही हेच ऐकवले जाते. आमच्या मते हा समज अर्धा खोटा आहे. जो अर्धा खरा आहे, त्यात दोष पेन्शनचा नाही, सरकारी नियमाचा आहे.

आधी कायदा पाहू. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेप्रमाणे नोकरीत असताना कायमचा व पूर्ण अपंग झालेल्या सभासदाला तहहयात पेन्शन मिळते. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरे. दहा वर्षांची अट त्याला नाही. अपघात कामावर झाला की घरी, की लकव्याने हातपाय गेले, हाही प्रश्न नाही. वैद्यकीय मंडळाची तपासणी मात्र होते. २०१४ पासून या योजनेत किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे.

दुसरी गोष्ट ई.एस.आय.ची. कामावर अपघात होऊन कायमचे अपंगत्व आले, तर मजुरीच्या ९० टक्क्यांच्या हिशेबाने तहहयात रक्कम मिळते. कमाईची ताकद निम्मी गेली तर त्याच्या निम्मी, पूर्ण गेली तर पूर्ण. फंडाची पेन्शन मिळते म्हणून ही रक्कम बंद होत नाही आणि ही मिळते म्हणून फंडाची पेन्शन थांबत नाही. एकाच अपघाताबद्दल ई.एस.आय.ची रक्कम आणि मालकाकडून कायद्याची भरपाई, अशा दोन्ही मात्र घेता येत नाहीत.

आता व्यापाऱ्याच्या वहीप्रमाणे आकडे मांडू. महिना १५,००० रुपये मजुरी, १४ वर्षांची नोकरी, आणि कामावरच्या अपघातात पूर्ण अपंगत्व. फंडाची पेन्शन १५,००० गुणिले १४ भागिले ७०, म्हणजे ३,००० रुपये. ई.एस.आय.चे सुमारे १३,५००. एकूण १६,५०० झाले. याच्यासमोर संजय गांधी निराधार अनुदान योजनेत अपंगाला महिना २,५०० रुपये आहेत. २०२५ मध्ये १,५०० वरून ते वाढवले गेले. २,५०० वाचवण्यासाठी १६,५०० वर पाणी सोडायला सांगणारा माणूस कामगाराचा हितचिंतक कसा?

मालकानेही आपला हिशेब करावा. या मजुरीवर ई.एस.आय.ची मालकाची वर्गणी सव्वातीन टक्के, म्हणजे महिना ४८७ रुपये ५० पैसे. जिथे ई.एस.आय. नाही तिथे चाळीस वर्षांचा हाच कामगार पूर्ण अपंग झाला, तर भरपाई कायद्याच्या कोष्टकाप्रमाणे मालकाच्या अंगावर साडेसोळा लाखांच्या वर रक्कम येते. लहान दुकान यात बसते की मोडते, ते सांगायला नको.

इन्साफाचे तत्त्वही याच बाजूचे आहे. हेलन रिबेलो विरुद्ध महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितले की विम्याची रक्कम, फंड, पेन्शन हे अपघाताच्या भरपाईतून वजा करता येत नाही. तो खटला मोटार अपघातातील मृत्यूचा होता. पण तत्त्व सरळ आहे. माणसाने आपल्या मेहनतीतून जे जोडले, त्याचा फायदा दुसऱ्याने आपली देणी कमी करण्यासाठी घेऊ नये.

निराधार योजनेत मात्र हे तत्त्व हरवते. तिथे अपंगाच्या कुटुंबाच्या उत्पन्नाची हद्द वर्षाला ५०,००० रुपये आहे आणि पेन्शन उत्पन्नातच धरली जाते. लकव्याने अंथरुणाला खिळलेल्या कामगाराचा विचार करा. कामावरचा अपघात नाही म्हणून ई.एस.आय.ची तहहयात रक्कम नाही. फंडाचे ३,००० तेवढे, म्हणजे वर्षाला ३६,०००. बायकोने शिलाईकाम करून १५,००० मिळवले की बेरीज ५१,००० झाली. हद्द एक हजाराने ओलांडली आणि वर्षाचे ३०,००० गेले! चौदा वर्षे वर्गणी भरली आणि बायको मशीनवर बसली, हाच त्या घराचा गुन्हा ठरतो.

म्हणून आमची मागणी आहे की कामगाराच्या वर्गणीच्या नोकरीतून मिळणारी अपंगत्वाची पेन्शन उत्पन्नाच्या दाखल्यात धरू नये. ते जमत नसेल तर हद्दीच्या वर जेवढे जाते तेवढेच अनुदानातून कापावे, सारे बंद करू नये. आपल्या संघटनांनी, जमातींच्या मंडळींनी शहापूर आणि मुरबाडच्या तहसीलदारांमार्फत आणि आमदारांमार्फत हे सरकारपुढे लेखी मांडावे.

पण सरकारचा नियम बदलेपर्यंत आपण हात बांधून बसण्याचे कारण नाही. दहा कामगार असतील तिथे ई.एस.आय. आणि वीस असतील तिथे फंड लागतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत आले आहेत. त्याहून लहान दुकानालाही, मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर, आपणहून सामील होता येते. तेही जमत नसेल त्याने निदान बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढून द्यावा. वर्षाला २० रुपये हप्ता आहे आणि अपघाताने पूर्ण अपंगत्व आले तर २ लाख मिळतात.

नाव चढवताना पूर्ण मजुरी लिहा, कामावर लागल्याची खरी तारीख लिहा. अर्धी मजुरी कागदावर आणि अर्धी हातात, या रिवाजाने पेन्शनही अर्धी होते. घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण सर्वांना सांगतो. फंडाची वर्गणी हा त्याच मजुरीचा भाग आहे. ती कामगाराची अमानत आहे, आणि अमानत वेळेवर पोचती करणे हे मालकाचे काम आहे.