बीओडी तीस की दहा?

गेल्या वीसेक वर्षांत महाराष्ट्रात ज्याने ज्याने पदवी घेतली, मग ती कॉमर्सची असो की इंजिनीअरिंगची, त्या प्रत्येकाने कागदोपत्री पर्यावरणाचा अभ्यास केलेला आहे. 'ईव्हीएस' म्हणतात त्या पेपरला. आदल्या रात्री गाइड उघडायचं, ओझोनचा थर, अन्नसाखळी आणि चिपको आंदोलन डोक्यात कोंबायचं, प्रोजेक्टची वही सीनियरकडून आणून आपल्या अक्षरात उतरवायची, की झालं. हा पेपर कुठल्या कुलगुरूंना सुचलेला नाही, तो कोर्टातून आला. एम. सी. मेहता या वकिलांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९१मध्ये आदेश दिला: सिनेमागृहांत पर्यावरणाच्या स्लाइड दाखवा, आकाशवाणी-दूरदर्शनवर कार्यक्रम करा, शाळा-कॉलेजांत विषय सक्तीचा करा. स्लाइड आल्या आणि गेल्या. कॉलेजांत पेपर रुळायला मात्र २००३-०४ उजाडलं, तेही कोर्टाने पुन्हा डोळे वटारल्यावर. कोर्टाचा आदेश परीक्षेच्या वेळापत्रकात उतरायला बारा वर्षं का लागतात, हा खरं तर याच विषयातला पहिला धडा व्हायला हवा. गाइडात तो नसतो.

आता माझ्या मैत्रिणीच्या मुलीला हाच विषय एका पेपरापुरता नको, आख्खी पदवी म्हणून हवा आहे. बी.एस्सी., पर्यावरणशास्त्र. पुण्यात फर्ग्युसनसह काही कॉलेजांत हा कोर्स आहे. घरात अर्थातच 'पुढे काय?' सुरू झालं आणि मध्यस्थीला मला बोलावलं. नोकरीचं थोडक्यात सांगून टाकते. प्रकल्पांचे पर्यावरणीय अहवाल करून देणाऱ्या सल्लागार कंपन्या आहेत, प्रदूषण नियंत्रण मंडळात क्षेत्र अधिकाऱ्याची पदं आहेत (भरती निघाली तर), आणि सेबीने मोठ्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरण-समाज-कारभाराचा वार्षिक हिशेब सक्तीचा केल्यापासून तो हिशेब लिहिणारे लोकही लागतात. सुरुवातीचा पगार ऐकून तिच्या बाबांचा चेहरा उतरला, पण तो साध्या बी.एस्सी.चा ऐकूनही उतरलाच असता.

माझी शंका वेगळी होती. मी अभ्यासक्रम वाचला. परिसंस्था, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीव, संख्याशास्त्र, जीआयएस, मातीचं परीक्षण, पाण्याचं परीक्षण. सगळं उत्तम. कायदा आणि धोरण मात्र शेवटच्या वर्षात एका पेपरात, कायद्यांची नावं आणि सालं या स्वरूपात: पाणी १९७४, हवा १९८१, पर्यावरण संरक्षण १९८६. मार्केट यार्डातला मापाडी बिनचूक वजन करतो, पण लिलावात त्याला तोंड उघडता येत नाही. भाव दुसरेच ठरवतात. तीन वर्षं शिकून पोरीने मापाडी व्हावं, असं मला वाटत नव्हतं.

बीओडीचं उदाहरण घेऊ, कारण ते या पदवीचं ग म भ न आहे. सांडपाण्यातली घाण खाताना जीवाणू पाण्यातला किती प्राणवायू संपवतात, त्याचं हे माप. बाटलीत नमुना घ्यायचा, विरघळलेला प्राणवायू मोजायचा, बाटली अंधारात ठरावीक तापमानाला ठेवायची, काही दिवसांनी पुन्हा मोजायचं. जगभरच्या पुस्तकांत २० अंश सेल्सिअस आणि पाच दिवस. आपल्याकडे २७ अंश आणि तीन दिवस, कारण आपलं पाणी उबदार आणि आपले जीवाणू जास्त भुकेले. प्रॅक्टिकलच्या वहीत एवढं पुरतं.

पण हे पाच दिवस आले कुठून? इंग्लंडमध्ये १८९८ साली सांडपाण्यावर एक रॉयल कमिशन बसलं. त्याच्या १९१२च्या आठव्या अहवालाने पाच दिवसांची ही चाचणी पक्की केली आणि मर्यादाही सुचवली: बीओडी लिटरला २० मिलिग्रॅम, तरंगता गाळ ३०. शतकभर जगाने या आकड्यांचे कित्ते गिरवले. त्यांच्यामागे एक गृहीतक होतं. सांडपाणी ज्या नदीत सोडायचं, तिच्यात त्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी वाहत असेल, असं ते गृहीतक. मे महिन्यात भिडे पुलावर उभं राहून मुठेकडे बघा. खडकवासल्याचं पाणी कालव्याने शेताला आणि नळाने शहराला गेलेलं असतं. खाली जे वाहतं ते बहुतांश शहराने परत केलेलं. आठपट स्वच्छ पाणी आणायचं कुठून?

तरी आपल्या नियमात वर्षानुवर्षं ३० हा आकडा होता. २०१५च्या शेवटी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने मसुदा काढला, की शहरांच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी १०च्या वर नको. दोन वर्षं गेली. ऑक्टोबर २०१७ची अंतिम अधिसूचना आली तेव्हा १०चे २० झाले होते, तेही महानगरांना आणि बहुतेक राज्यांच्या राजधान्यांना. बाकीच्यांना ३०. महानगरांच्या यादीत मुंबई आणि पुणे आहेत, कोल्हापूर नाही. म्हणजे मुठेत २०चं पाणी सोडायचं आणि पंचगंगेत ३०चं चालेल. पंचगंगेतल्या माशांना हे कोणी कळवलं का, माहीत नाही. पुढे २०१९मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने १०च्या बाजूने कौल दिला.

या सगळ्या काळात बाटली तीच होती, तापमान तेच, जीवाणूही त्यांच्याच नादात. विज्ञान कणभर बदललं नाही आणि आकडा ३०, १०, २०, ३० आणि पुन्हा १० असा फिरला. का फिरला, हे समजायला महापालिकेचं अंदाजपत्रक वाचता यावं लागतं. दहापर्यंत आणायचं तर गाळणीचा आणखी एक टप्पा आला, वीजबिल आलं, चालवणारी माणसं आली. महापालिकांचा युक्तिवादही टाकाऊ नाही: कितीतरी सांडपाणी केंद्रापर्यंत पोचतच नाही, थेट नाल्यातून नदीत जातं, मग पोचलेल्या पाण्याला दहापर्यंत घासण्यापेक्षा न पोचलेल्या पाण्यासाठी नळ टाका. मला तरी हा मुद्दा वजनदार वाटतो. पण पुण्याचं पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जातं, आणि सोलापूर उजनीचं पाणी पितं. सोलापूरकराला त्या युक्तिवादाने काय समाधान मिळणार? या वादात दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा तास बोलता येणं, याला मी पर्यावरण धोरणाचं शिक्षण म्हणेन. तसा वर्ग मला त्या अभ्यासक्रमात दिसला नाही.

आवाजाचंही तेच. ध्वनिप्रदूषणाचे नियम २०००चे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. पुण्यात सीओईपी या इंजिनीअरिंग कॉलेजचे विद्यार्थी दर विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकाचौकांत मोजमाप करतात, पेपरात आकडे येतात, आपण चुकचुकतो. नियमांतलं सातवं कलम मात्र फारसं कोणी वाचत नाही. आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबलने किंवा त्याहून जास्त असेल, तर तक्रार करता येते, असं ते म्हणतं. दहा म्हणजे किरकोळ वाटतात ना? डेसिबलची पट्टी लॉगरिदमची असते. दहाने वाढला म्हणजे आवाजाची तीव्रता दहापट झाली. बी.एस्सी.च्या पोरांना हे गणित पाठ असतं, नियम लिहिणाऱ्यांना कलमं पाठ असतात, आणि दोन्ही पाठ असलेला माणूस सापडत नाही. २०१७च्या दुरुस्तीने तर आणखी गंमत केली. आधी दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतालचे शंभर मीटर आपोआप शांतता क्षेत्र समजले जायचे. दुरुस्तीनंतर, राज्य सरकारने तसं जाहीर केलं असेल तरच. रुग्ण तेच, भिंती त्याच. एका वाक्याने शांतता उठली.

भाषेचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्यावर मी जरा जास्तच तापते. मोठ्या प्रकल्पाच्या परवानगीआधी जो आघात अहवाल होतो, तो शेकडो पानांचा आणि इंग्रजीत असतो. गावाच्या वाट्याला मराठीत येतो तो सारांश. धूळ उडेल का, विहिरीचं पाणी उतरेल का, याची उत्तरं सारांशात 'योग्य त्या उपाययोजना करण्यात येतील' अशी असतात. खरे आकडे परिशिष्टात. २०२०मध्ये याच प्रक्रियेचे नियम बदलण्याचा मसुदा आला, तो फक्त हिंदी आणि इंग्रजीत. दिल्ली उच्च न्यायालयाने तो राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या बावीस भाषांत आणायला सांगितलं, तर सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. माधव गाडगीळांच्या समितीचा पश्चिम घाटावरचा २०११चा अहवाल आठवा. निर्णय ग्रामसभांपर्यंत न्या, असा त्याचा सगळा आग्रह, आणि तो अहवाल मंत्रालयाने कित्येक महिने दाबून ठेवला. केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश आला, दिल्ली उच्च न्यायालयाने तो उचलून धरला, तेव्हा मे २०१२मध्ये लोकांना वाचायला मिळाला. कोकणात आणि सह्याद्रीत त्यावर कडाडून भांडणारे कितीतरी लोक भेटतात, वाचलेले मोजके. त्यांना दोष कसा द्यायचा?

म्हणून मैत्रिणीच्या मुलीला मी तीन वर्षांचा सल्ला दिला तो असा. पदवी घे, प्रयोगशाळा टाळू नकोस, संख्याशास्त्राचा तास बुडवू नकोस. नव्या शैक्षणिक धोरणात मायनर विषय निवडायची मुभा आहे. तिथे राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र मिळालं तर ते घे, सोपा म्हणून दुसरा घेऊ नकोस. आणि मराठी सोडू नकोस. अहवालातला आकडा चावडीवर समजेल असा सांगणारी माणसं सल्लागार कंपन्यांना नको असतील, गावांना हवी आहेत.

"मावशी, हे शिकवतं कोण?" तिने विचारलं.

कॉलेज नाही शिकवत, हे मान्य केलं. मग प्रकल्पाच्या परवानगीआधी होणाऱ्या जनसुनावणीचं सांगितलं. नोटीस निदान तीस दिवस आधी स्थानिक भाषेतल्या पेपरात येते, निविदा आणि हरवल्याच्या जाहिरातींच्या शेजारी, बारीक टाइपात. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष असतो, प्रदूषण मंडळाचे लोक असतात, सगळ्याचं चित्रीकरण होतं. या प्रक्रियेच्या २००६च्या अधिसूचनेप्रमाणे गणसंख्येची अट नाही. चार माणसं आली तरी सुनावणी होते, आणि चारच आली तर ती कोणाची माणसं आहेत, हे बघण्यासारखं असतं. शेवटी अध्यक्षांनी झालेल्या कामकाजाचा सारांश लोकांना त्यांच्या भाषेत वाचून, समजावून सांगायचा असतो, हेही त्यात लिहिलेलं आहे.

प्रवेशाच्या रांगेत लागण्याआधी एक तरी सुनावणी बघून ये, म्हटलं. तिने लगेच मोबाइल काढून नोटिसा कुठे मिळतील, ते शोधायला घेतलं. तिच्या बाबांनी विचारलं, तिथे हिला बोलता येईल का, का नुसतं बसायचं? येईल. नाव-पत्ता सांगायचा, माइक घ्यायचा आणि विचारायचं, की सारांशात ज्याला 'नगण्य' म्हटलंय, तो आकडा परिशिष्टात किती आहे.