ओनोमिचीचा चढ आणि कोकणातली कुलपं

फुकुयामाला शिंकान्सेन सोडून साध्या लोकलमध्ये बसलं, की वीसेक मिनिटांत डाव्या हाताला समुद्र दिसू लागतो आणि ओनोमिची येतं. टोकियो-क्योतो-हिरोशिमा उरकणारा मराठी प्रवासी सहसा इथे उतरत नाही. उतरणाऱ्याला प्रथम चकवतो तो समुद्रच. नदीसारखा अरुंद, आणि पलीकडे हाकेच्या अंतरावर मुकाइशिमा बेट. फेरीबोट पाच मिनिटांत पार नेते. सायकली धरून उभी शाळकरी मुलं, बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या आजीबाई. दाभोळ-धोपावे फेरी केलेल्या माणसाला यातलं काहीच परकं वाटणार नाही.

बंदर जुनं, 1169 सालचं. आतल्या मुलखातला साऱ्याचा तांदूळ इथून गलबतांवर चढायचा. पुढे व्यापाऱ्यांनी कमावलेल्या पैशातून डोंगरउतारावर देवळं उभी राहिली. 1891 मध्ये रेल्वे आली ती देवळांच्या पायऱ्या कापत. आजही काही ठिकाणी फाटक ओलांडूनच देवळाची पायरी चढावी लागते. रुळांमुळे ज्यांची घरं गेली, ते देवळांच्या जागेत वर सरकले. म्हणूनच हा चढ घरांनी गच्च भरला आहे आणि तिथे मोटार पोचत नाही.

यासुजिरो ओझूच्या 1953 सालच्या ‘टोकियो स्टोरी’तले म्हातारे आईवडील याच गावातून मुलांना भेटायला राजधानीला निघतात. तो चित्रपट पाहताना कोकणी माणसाला परळ-लालबाग आठवलं नाही तरच नवल.

मुलं गेली, म्हातारी माणसंही गेली आणि चढावरची घरं ओस पडली. तरीही गावाने हात टेकले नाहीत. 2007 पासून इथल्या काही रहिवाशांनी रिकामी घरं दुरुस्त करायला घेतली, त्यातून संस्था उभी राहिली. आतलं मोडकं सामान उतरवायचं, कौलं-लाकूड वर न्यायचं, सगळं पायऱ्यांवरून, माणसांच्या हातांनी. आज पालिकेच्या रिकाम्या घरांच्या नोंदणीचं कामही हीच संस्था पाहते. बाजारातलं एक अरुंद, मागे लांबच लांब गेलेलं व्यापाऱ्याचं घर 2012 मध्ये प्रवाशांच्या मुक्कामासाठी उघडलं. धक्क्यावरची 1943 ची सरकारी वखार 2014 पासून हॉटेल झाली आहे. तिथे पाहुणे सायकल थेट खोलीपर्यंत नेतात.

आपल्याकडे वेंगुर्ल्याची सतराव्या शतकातली डच वखार भग्नावस्थेत उभी आहे. त्याहून जिव्हारी लागतात ती दापोलीपासून मालवणपर्यंतची, गणपती-शिमग्यापुरती उघडणारी जांभ्याची घरं. सामायिक मिळकत, उताऱ्यावर डझनभर नावं, अर्धे वारस मुंबईत. अडचणी खऱ्या आहेत. पण वारसाहक्काचा गुंता जपानलाही चुकलेला नाही. घर विकायला न लावता, मालकाच्या संमतीने ते वापरात आणण्याची सोय ग्रामपंचायत करू शकते. कोणतं घर बंद आहे, संमती कोणाकोणाची लागेल, भाड्याने द्यायची तयारी आहे का, एवढं एका वहीत उतरवायला मोठा निधी लागत नाही. चतुर्थीला सगळे भाऊबंद एकाच ओटीवर बसलेले असतात. ग्रामसेवकाने वही घेऊन तेव्हाच जावं. कौल सरकलेलं असेल, तर पुढच्या पावसात वासा भिजणार आहे.