टोरांटोची पायवाट आणि आजीचा नाणेघाट

टोरांटोत आम्ही हंबर नदीजवळ राहतो. नदीकाठी फिरायला गेलं की वाटेत ‘टोरांटो कॅरिंग प्लेस’ अशी पाटी लागते. सहा वर्षं मी ती न वाचताच पुढे जात होतो. परवा मुलीने विचारलं, "बाबा, इथे काय लिहिलंय?" तेव्हा कुठे वाचली.

ऑन्टारिओ सरोवरापासून हंबरच्या काठाने उत्तरेला हॉलंड नदीपर्यंत आणि पुढे सिमको सरोवराकडे जाणारी ही इथल्या मूलनिवासींची जुनी वाट. पायी अंतर साधारण ४५ किलोमीटर. होडी खांद्यावर घेऊन चालायचं, म्हणून हे नाव. १७९३ मध्ये गव्हर्नर सिमको याच वाटेने उत्तरेला गेला. परतताना त्याला दुसरी वाट बरी वाटली. १७९६ पर्यंत त्या बाजूने यंग स्ट्रीट झाला आणि जुनी वाट मागे पडली. आज तिच्यावर घरं आहेत, रस्ते आहेत.

या वाटेला ना फरसबंदी, ना पायऱ्या. मग अवशेष कसले? वाटेलगतच्या गावांचे. वुडब्रिजजवळ हंबरच्या एका फाट्यावर सोळाव्या शतकातलं गाव उत्खननात सापडलं. लांबच लांब घरांचे खांब कुजून गेले, पण मातीत त्यांचे गोल काळे डाग राहिले. त्या डागांवरून इथले लोक अख्खं गाव उभं करतात!

हे वाचताना मला आमचा नाणेघाट आठवला. मी जुन्नरचा. आमच्याकडे तर सगळं दगडातच आहे: खोदलेली वाट, पाण्याची टाकी, नागनिका राणीचा ब्राह्मी लेख, जकातीचा म्हणून सांगतात तो रांजण. सातवाहनांच्या काळापासून कल्याण-जुन्नरचा माल या घाटाने चढला. पुढे मोटाररस्ता माळशेजमधून गेला आणि इथे आमच्यासारखे ट्रेकर उरले.

इंजिनिअरिंगला असताना मी तीनदा नाणेघाट चढलो, भरपूर फोटो काढले. माझ्या आजीचं माहेर मुरबाडकडचं. लग्नानंतर ती हाच घाट चढून सासरी आली, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण तिला एकदाही काही विचारलं नाही.

त्या रविवारी व्हिडिओ कॉल लावला. आजी ८६ वर्षांची आहे. म्हणाली, "रांजणापाशी बसून भाकर खाल्ली. टाक्याचं पाणी लई गार होतं. मागं वळून पाहिलं तर माहेर कुठं दिसंना." मग हसून म्हणाली, "तुला आत्ताच कसं रे सुचलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कोरलेला लेख अजून टिकेल. चालणाऱ्यांच्या आठवणी मात्र त्यांच्याबरोबरच जातात, आणि मातीत त्यांचा डागही राहत नाही. परदेशातून आपण गावाकडच्या देवळाला, शाळेला पैसे पाठवतो. चांगलंच आहे. पण या रविवारी घरी फोन कराल तेव्हा एवढं विचारा: तुम्ही कुठल्या घाटाने आलात, पाणी कुठे प्यायलात? आणि रेकॉर्डिंग चालू ठेवा.