न वटणारी हुंडी

हुंडी लिहिणारा एक, ती घेणारा दुसरा आणि पैसे मोजणारा तिसरा असला, म्हणजे तिची खरी किंमत तिसऱ्याच्या दारात ठरते. कागद उत्तम असो, सही डौलदार असो. ज्या पेढीवर ती काढली त्या पेढीने नकाराची मान हलविली, की ती रद्दीच्या मोलाची होते. बाजारपेठेत ही गोष्ट दुकानावरच्या पोरालाही ठाऊक असते. शिक्षणाच्या पेठेत मात्र भल्याभल्यांना तिचा विसर पडतो. अमेरिकेत गेली सत्तर वर्षे शाळकरी मुलांच्या हाती महाविद्यालयीन श्रेयांकांच्या अशा हुंड्या देण्यात येत आहेत. त्यांतील कोणती कोठे वटेल, याची हमी देणारे मात्र थोडे. त्याच वाटेवर आता आपल्या देशाचीही पावले पडू लागली आहेत. म्हणून या व्यवहाराचा हिशेब सीमाभागातील पालकांनी वेळीच तपासणे अगत्याचे झाले आहे.

प्रथम व्यवहार समजून घेऊ. अमेरिकेत पदवीसाठी साधारणतः १२० श्रेयांक लागतात आणि श्रेयांकागणिक शुल्क मोजावे लागते. यांपैकी काही श्रेयांक शाळेत असतानाच मिळविण्याचे दोन मार्ग तेथे रूढ आहेत. पहिला ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ परीक्षांचा. १९५२ मध्ये फोर्ड प्रतिष्ठानच्या पैशावर त्याची पूर्वतयारी झाली. अँडोव्हर, एक्झिटर, लॉरेन्सव्हिल या धनिकांच्या शाळा आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही विद्यापीठे त्यामागे होती. पुढे ‘कॉलेज बोर्ड’ या संस्थेने तो आपल्या हाती घेतला आणि १९५६ च्या मे महिन्यात १०४ शाळांतील १,२२९ विद्यार्थी परीक्षेस बसले. दुसरा मार्ग दुहेरी प्रवेशाचा : नाव शाळेच्या पटावर, आणि त्याच वेळी महाविद्यालयाच्याही पटावर. १९८५ मध्ये मिनेसोटा राज्याने त्यासाठी कायदा केला. २०२२-२३ या वर्षात असा किमान एक अभ्यासक्रम घेणाऱ्या शाळकरी मुलांची संख्या सुमारे २५ लाखांवर गेली. मूठभर श्रीमंत शाळांच्या हुशार मुलांसाठी निघालेली पायवाट आज हमरस्ता झाली आहे.

हा रस्ताच वाईट, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही. ज्या मुलाची बुद्धी वर्गाच्या पुढे धावते, त्याला केवळ वयाच्या दाखल्यापायी दोन वर्षे तेच ते घोकावयास लावणे हा त्याच्यावर अन्यायच होय. मिनेसोटाच्या कायद्यात अध्यापनशुल्क आणि पाठ्यपुस्तके यांचा भार राज्य उचलते. फ्लोरिडातही सरकारी शाळेतील अशा विद्यार्थ्यास महाविद्यालयाचे शुल्क माफ असते. न्यूयॉर्क शहरात २००१ मध्ये बार्ड महाविद्यालयाने सार्वजनिक शाळाखात्याशी करार करून जी शाळा काढली, तेथे महाविद्यालयाच्या तोलाचे प्राध्यापक शिकवितात आणि विद्यार्थी शाळेच्या चार वर्षांतच, एक डॉलरही न देता, ६० श्रेयांकांपर्यंत मजल मारू शकतो. अशा महाविद्यालयजोड शाळांत चिठ्ठ्या टाकून प्रवेश मिळालेल्या आणि चिठ्ठी न निघालेल्या मुलांची तुलना ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट्स फॉर रिसर्च’ या संस्थेने केली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रवेश मिळालेली मुले महाविद्यालयात अधिक गेली आणि पदवीपर्यंतही अधिक पोचली. गरिबाचे पोर पदवीच्या उंबरठ्याशी लवकर आणि स्वस्तात पोचत असेल, तर त्याला कोण नाक मुरडील?

मग आमची तक्रार कशाविषयी? तक्रार आहे ती शिकविण्याआधी श्रेयांक विकण्याविषयी, आणि विकल्यावर हात झटकून मोकळे होण्याविषयी.

पहिला सवाल हुंडी वटण्याचा. ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’च्या परीक्षेत एक ते पाच असे गुण असतात. तीन मिळविणारा ‘पात्र’, असे कॉलेज बोर्ड सांगते. परंतु पात्र कशास? डार्टमथ महाविद्यालयाने २०१३ मध्ये जाहीर केले, की २०१८ च्या तुकडीपासून या गुणांवर पदवीचे श्रेयांक मिळणार नाहीत. कॅलिफोर्नियातील सुप्रसिद्ध कॅलटेकही ते देत नाही. एके ठिकाणी तीन चालतात, दुसरीकडे चार लागतात, तिसरीकडे पाचालाही दार बंद. तेच विद्यार्थी, तीच परीक्षा, तेच गुण. बदलतो तो फक्त दारावरचा पहारेकरी. दुहेरी प्रवेशाच्या श्रेयांकांची कथाही फार निराळी नाही. एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जाताना विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक वाया जातात, असा अंदाज अमेरिकी संसदेच्या हिशेब तपासणाऱ्या कार्यालयाने २०१७ च्या अहवालात दिला. सामान्य विद्यार्थ्याच्या पदरी हा तोटा, तर सोळा वर्षांच्या पोराने शाळेच्या वर्गात मिळविलेल्या श्रेयांकांची बूज कोण राखणार? यावर उपाय नाही असेही नाही. इलिनॉय राज्याने २०१५ मध्ये कायदा करून आपल्या सार्वजनिक विद्यापीठांना बजावले, की तीन वा अधिक गुणांस श्रेयांक द्यावाच लागेल. एका राज्याला जे जमले ते इतरांना अशक्य खचित नाही.

दुसरा सवाल मापाचा. कापडाचा गज दुकानदारानेच ठरवावा आणि त्यानेच तो बदलावा, असे झाले तर गिऱ्हाइकाने विश्वास कशावर ठेवावा? २०२३ मध्ये अमेरिकेच्या इतिहासाच्या परीक्षेत तीन वा अधिक गुण मिळविणारे सुमारे ४८ टक्के होते. २०२४ मध्ये ते सुमारे ७२ टक्के झाले. एका वर्षात देशातील मुले एवढी इतिहासज्ञ झाली काय? मुळीच नाही. गुणांची रेषा आखण्याची रीत कॉलेज बोर्डाने बदलली. महाविद्यालयांतील प्रत्यक्ष श्रेणींशी जुळणारी ही नवी रीत अधिक शास्त्रीय आहे, असे बोर्डाचे सांगणे. ते क्षणभर खरे मानू. मग आदल्या वर्षांत ज्या हजारो मुलांना ‘अपात्र’ म्हणून घरी धाडले, त्यांचे काय? जुने माप खोटे असेल तर त्यांच्यावर अन्याय झाला; नवे माप सैल असेल तर विद्यापीठांची फसवणूक होते. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रत्येक परीक्षेचे शुल्क २०२५ मध्ये ९९ डॉलर होते. परीक्षार्थी जितके अधिक, तितकी परीक्षा घेणाऱ्याची मिळकत अधिक. संस्था कागदोपत्री धर्मादाय असली, तरी ज्याच्या हाती माप त्याच्याच हाती गल्ला असावा, ही व्यवस्था सज्जनालाही मोहात पाडणारी आहे.

तिसरा आणि आमच्या मते सर्वांत जिव्हाळ्याचा सवाल आहे तो कोणाच्या पानात काय वाढले जाते, हा. अमेरिकी शिक्षणखात्याची २०२०-२१ ची आकडेवारी सांगते, की कृष्णवर्णीय आणि लॅटिन मुलांची संख्या मोठी असलेल्या माध्यमिक शाळांपैकी अवघ्या ३५ टक्के शाळांत कलनशास्त्र शिकविले जाते. ज्यांत ती मुले थोडी, त्या शाळांत हेच प्रमाण ५४ टक्के. ज्या शाळेत विषयच नाही, तेथील मुलाने त्या विषयाचे श्रेयांक आणावेत कोठून? ज्याच्या घरी आधीच दिवे, त्याच्याच अंगणात आणखी रोषणाई असा हा प्रकार. सुखवस्तू मुलगा शाळेतच दहा-पंधरा श्रेयांक गाठीस बांधून विद्यापीठात जातो आणि एक सत्राचे शुल्क वाचवितो. ज्याला बचतीची खरी गरज, तो मात्र पूर्ण दाम मोजतो. सवलतीची योजना गरिबाच्या नावाने निघते आणि श्रीमंताच्या दारी मुक्कामास जाते, हा अनुभव आपल्याकडेही काही नवा नव्हे.

यावर या व्यवस्थेचे कैवारी म्हणतात, “काहीच नसण्यापेक्षा थोडे बरे. श्रेयांक मिळाले नाहीत तरी अभ्यास तर घडला!” अभ्यास घडला असेल तर आनंदच आहे, परंतु मग अभ्यास म्हणूनच तो द्या, श्रेयांकाचे आमिष कशाला? शुल्क घेताना ‘पुढचे हजारो डॉलर वाचतील’ असे सांगावयाचे आणि हुंडी परत आली की ‘ज्ञान तर मिळाले ना?’ म्हणून समजूत घालावयाची, हा दुटप्पीपणा आहे. दुसरे कैवारी म्हणतात, “विद्यापीठांना स्वायत्तता हवी, कोणते श्रेयांक मानावे हे त्यांनीच ठरवावे.” स्वायत्तता आम्हांलाही प्रिय आहे. पण नकार द्यावयाचा असेल तर तो मूल वर्गात बसण्यापूर्वी कळवावा, परीक्षा देऊन दोन वर्षे लोटल्यावर नव्हे.

वाचक म्हणतील, हे सारे सातासमुद्रापलीकडचे. आपल्याला त्याचे काय? अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले याच परीक्षांच्या ओझ्याखाली मे महिना काढतात, एवढ्यापुरताच हा संबंध असता तरी तो थोडका नव्हता. परंतु गोष्ट आता आपल्या अंगणात आली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ म्हणजे श्रेयांकांची पेढीच उघडली. २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला आणि त्याने शाळेलाही या हिशेबात ओढले : वर्षाचे १,२०० तास, म्हणजे ४० श्रेयांक. खातेवही तयार आहे, खाती उघडत आहेत. विचारावयाचे ते एवढेच, की त्या खात्यावरची हुंडी कोणत्या दारात वटणार?

हा प्रश्न सीमाभागाइतका कोणास झोंबावा? बेळगावात मूल दहावीनंतर ‘पी. यू. सी.’ला जाते, काही कोसांवरील चंदगडात तेच मूल ‘कनिष्ठ महाविद्यालया’त बसते आणि पणजीत त्याच इयत्तेला ‘उच्च माध्यमिक’ म्हणतात. वय तेच, विषय बहुधा तेच. मंडळे मात्र तीन. आणि पुढे राणी चन्नम्मा, शिवाजी आणि गोवा अशी तीन विद्यापीठे. एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत शिकावयास जाणाऱ्या मुलाच्या बापाला स्थलांतराच्या दाखल्यासाठी किती खेटे घालावे लागतात, हे येथील घराघराला ठाऊक आहे. शाळा कोठे संपते आणि महाविद्यालय कोठे सुरू होते, ही रेघ निसर्गाने आखलेली नाही. ती कचेऱ्यांनी आखलेली आहे. ती पुसून टाकावयाची तर टाका. पण तिच्या जागी दहा नव्या रेघा ओढू नका.

म्हणून आमचे मागणे मोजके आणि स्पष्ट आहे. शाळेत मिळविलेला श्रेयांक कोणती सार्वजनिक विद्यापीठे मानणार, याची यादी प्रवेशापूर्वी छापून प्रसिद्ध व्हावी. आणि राज्याची हद्द ओलांडली म्हणून तो बुडता कामा नये. त्यासाठी मुलाकडून स्वतंत्र शुल्क घेऊ नये. परीक्षा घेणारा आणि गुणांची रेषा आखणारा एकच नसावा. आणि सर्वांत आधी, ज्या गावच्या शाळेत गणिताचा वा विज्ञानाचा शिक्षक नाही तेथे तो नेमावा. श्रेयांकाची वही मागाहून उघडली तरी चालेल.

शिक्षक नाही, प्रयोगशाळा नाही आणि खात्यावर मात्र ४० श्रेयांक जमा, असे चित्र उद्या दिसले, तर ती शिक्षणाची प्रगती नसून हिशेबाची हातचलाखी ठरेल. अमेरिकेने सत्तर वर्षांत मिनेसोटा आणि बार्डचा मार्गही दाखविला आहे, आणि न वटलेल्या हुंड्यांचा ढीगही. आपण यांतून काय उचलावयाचे, हे ठरविण्याची वेळ अजून गेलेली नाही. शाळेच्या पालकसभेत पुढच्या खेपेस ‘आमच्या मुलाचे श्रेयांक किती?’ असे कोणी विचारील, तेव्हा शेजारच्याने उठून दोन प्रश्न विचारावेत : ‘ते शिकविणार कोण, आणि मानणार कोण?’ त्याचे उत्तर लेखी मिळेपर्यंत कोणीही सभा सोडू नये.