गोळी सुरू करणारे ती सोडायची कशी हे का सांगत नाहीत?

१९८५ साली हैदराबादजवळ पतनचेरूला नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनाची चाचणी चालू होती आणि ही चाचणी आहे हेच बायकांना सांगितलेलं नव्हतं. १९८६ मध्ये स्त्री शक्ती संघटना, सहेली आणि इतर जणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. बाईच्या शरीरात जे घालता त्याची पूर्ण माहिती तिला आधी द्या, असं साधं म्हणणं होतं. मग नैराश्याच्या गोळ्यांबाबत हेच म्हणायला आपण इतक्या का कचरतो?

या गोळ्या घेऊच नयेत असं मला म्हणायचं नाही. मी स्वतः सहा वर्षं घेतल्या. पहिल्या वर्षी त्यांनीच मला अंथरुणातून उठवलं. माझा राग आहे तो पुढच्या प्रवासावर. बरं वाटतंय, आता थांबवू या, असं म्हटल्यावर डॉक्टरांनी चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहून दिलं: पंधरा दिवस एक दिवसाआड, मग बंद. बंद केल्याच्या चौथ्या दिवसापासून नजर वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होऊ लागलं. चक्कर, मळमळ, रात्रभर भडक स्वप्नं. कुणी ‘चहा घेतेस का’ विचारलं तरी रडू फुटायचं. डॉक्टर म्हणाले, ‘बघा, आजार उलटला. आता जन्मभर घ्यायची.’ घरात निदान झालं की पाळी जायचं वय आलंय.

माझ्या जुन्या आजारात असे झटके कधीच नव्हते. आजार उलटतो तो बहुधा आठवड्या-महिन्यांनी, हळूहळू. औषध सुटल्याचा त्रास काही दिवसांतच सुरू होतो, त्यात शरीराच्या अशा विचित्र तक्रारी असतात आणि डोस पुन्हा घेतला की तो बहुतेक वेळा लवकर ओसरतो. हा फरक विचारायला पाच मिनिटं लागतात. ती दिली नाहीत की औषधाचा त्रास हाच बाईच्या वेडाचा पुरावा ठरतो, आणि तिच्या हातात पुन्हा तीच गोळी ठेवली जाते.

शब्दांचं राजकारणही बघा. दारू किंवा अफू सुटली की ‘विथड्रॉअल’. या गोळ्यांच्या बाबतीत मात्र १९९० च्या दशकात ‘डिसकंटिन्युएशन सिंड्रोम’ असं सौम्य नाव रुळवलं गेलं, आणि त्यासाठी भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीचा खर्च औषध कंपनीने केला होता.

हा त्रास सगळ्यांना होतो असं नाही. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त आलेल्या आढाव्यानुसार गोळी थांबवणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना काही ना काही लक्षणं दिसतात. पण खोटी गोळी थांबवणाऱ्यांतही १७ टक्क्यांना ती दिसतात, म्हणजे औषधामुळे होणारा त्रास साधारण सहा-सात जणींत एकीला. तीव्र त्रास सुमारे पस्तिसांत एकीला. यावर आक्षेप असा की त्यातल्या बऱ्याच अभ्यासांतली माणसं थोडेच महिने गोळी घेत होती. आपल्याकडच्या बायका वर्षानुवर्षं घेतात. आणि समजा पस्तिसांत एकच, तर ती एक कुणीच नाही का?

डोस निम्मा केला म्हणजे परिणाम निम्मा होतो, ही समजूतही चुकीची आहे. मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ मध्ये हे आकड्यांनी मांडलं. हॉरोविट्झ स्वतः मानसोपचाराचे डॉक्टर आणि स्वतः या त्रासातून गेलेले. सिटालोप्राम हे औषध मेंदूत ज्या जागा अडवतं, त्यांपैकी ८० टक्के जागा २० मिलिग्रॅममध्येच अडतात. ६० मिलिग्रॅम घेतलं तरी आकडा ८८ च्या आसपासच जातो. उलट ९ मिलिग्रॅमवर आलात तरी ७० टक्के अडलेल्याच. म्हणजे वरून उतरताना फारसं काही कळत नाही, आणि शेवटच्या दोन-चार मिलिग्रॅमला जिन्याच्या पायऱ्या संपून थेट विहीर लागते. म्हणून जितकं खाली याल तितक्या पायऱ्या बारीक हव्यात. इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत असं उरलेल्या डोसच्या प्रमाणात उतरणं आलं आहे. तिकडे काही गोळ्या पातळ औषधाच्या रूपातही मिळतात.

माझी गोळी एस्सिटालोप्रामची, १० मिलिग्रॅमची. दुकानात ५ च्या खाली काही नाही. दुसऱ्या डॉक्टर बाईंनी माझं ऐकून घेतलं आणि आम्ही दोघींनी मिळून वेळापत्रक ठरवलं. ५ पर्यंत सोपं गेलं. पुढे गोळी कापायचं यंत्र, मग छोटा सोनारी काटा. (ज्या काट्यावर बायकांचे दागिने गहाण पडतात, तो एकदाचा बाईच्या कामी आला!) वहीत तारीख, डोस, झोप, झटके, रडू. त्रास वाढला की तीन-चार आठवडे तिथेच थांबायचं, घाई नाही. सोळा महिने लागले. काटा, वही, ऐकणारी डॉक्टर आणि सोळा महिन्यांची सवड किती बायकांकडे असते?

आमच्या वस्तीत बाई गोळी ‘ठरवून’ सोडतच नाही, ती तिच्याकडून सुटते. डाळीच्या डब्यात लपवलेली पट्टी सासूला सापडते. गणपतीला गावी गेल्यावर चार दिवसांच्या गोळ्यांचे बारा दिवस करावे लागतात. दिवस राहिल्याचं कळताच घरचे एका दिवसात सगळं बंद करतात. स्थळ बघायला येणार म्हणून आई मुलीची पट्टी फेकून देते. हिंदू विवाह कायद्यात ठरावीक परिस्थितीत मानसिक आजार हे घटस्फोटाचं कारण आहे, हे नवऱ्यांना चांगलं ठाऊक असतं. तेव्हा लपवणं हा काही बाईचा अडाणीपणा नाही.

त्यात कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सर्रास मिळते ती जोडगोळी: एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र. क्लोनाझेपामची शरीराला सवय लागते आणि ते एकदम तोडलं तर फिट येऊ शकते. एका गोळीत दोन औषधं, दोघांचं उतरण्याचं गणित वेगळं. ती कमी करायची कशी? बहुतेकींना आपण दोन औषधं घेतोय हेही माहीत नसतं.

आता आपल्याच काही मैत्रिणींशी भांडते. ‘तुझं दुःख सामाजिक आहे, या गोळ्या म्हणजे पितृसत्तेची गुंगी, फेकून दे’ असं शिबिरात उत्साहाने सांगणाऱ्या भेटतात. दुःख सामाजिक आहे हे मला मान्य. पण शरीराला झालेली सवय घोषणेने जात नाही. फेकून दे म्हणणारी संध्याकाळी आपल्या घरी जाते, झटके त्या बाईला येतात. बाईला न विचारता गोळी चालू करणारा डॉक्टर आणि न विचारता बंद करायला लावणारी कार्यकर्ती, दोघांनाही तिच्या मताची गरज वाटत नाही.

कायदा आपल्या बाजूला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २२ प्रमाणे सुचवलेले उपचार आणि त्यांचे ज्ञात दुष्परिणाम यांची माहिती, कळेल अशा भाषेत मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. गोळी सुटतानाचा त्रास हा ज्ञात दुष्परिणामच आहे. तेव्हा पहिल्या चिठ्ठीच्या वेळीच तो मराठीत सांगा. किती दिवस घ्यायची आणि उतरायचं कसं, तेही तेव्हाच. सरकारी दवाखान्यात लहान डोसच्या गोळ्या किंवा पातळ औषध ठेवा. जोडगोळी देण्याआधी त्यातली दोन्ही नावं कागदावर लिहा.

प्रत्येक गटाने पुढच्या अंकापर्यंत एवढं करावं: आपापल्या भागात या गोळ्या घेणाऱ्या बायकांना, नावं न नोंदवता, विचारावं की सुरू करताना बंद करण्याबद्दल त्यांना काय सांगितलं गेलं. जे कळेल ते लिहून पाठवा. मात्र विचारताना प्रत्येकीला एक आवर्जून सांगा, आज उठून गोळी बंद करू नकोस.